मूलपेशी आणि त्वचा : आशा, पुरावा आणि सावधगिरी

तंजावरच्या उत्तरेस सुमारे १३ किलोमीटरांवर, कावेरीच्या काठी, तिरुवैयारु हे गाव वसले आहे. नावाचा अर्थ पाच पवित्र नद्यांचे स्थान. संस्कृत ग्रंथांत यालाच पंचनद क्षेत्र म्हटले आहे. संगीतकार त्यागराज यांचे १८४७ साली येथेच निधन झाले आणि त्यांची समाधीही येथेच आहे. तंजावरचे भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत टिकले, त्यामुळे हा मुलूख मराठी वाचकालाही परका नाही. गावाभोवती कावेरीच्या गाळाची सुपीक जमीन असून तीवर भाताची शेते आणि केळीच्या बागा आहेत.

केळीचा घड उतरला, की शेतकरी ते झाड तोडून टाकतो. पण त्याने केळ नाहीशी होत नाही. जमिनीतील कंदाला मुनवे फुटतात आणि प्रत्येक मुनव्यातून नवे झाड उभे राहते. तोडलेल्या पानातून मात्र मुनवा कधी फुटत नाही. असे का व्हावे? पानातील पेशींनी आपापले काम पत्करलेले असते. कंदाच्या कोंबात मात्र अजून कोणतेही विशेष काम न पत्करलेल्या, सतत विभागत राहणाऱ्या पेशी असतात. याच गुणाचा उपयोग करून जळगावकडील शेतकरी आज ऊतिसंवर्धनाने तयार केलेली केळीची रोपे लावतात. कोंबाच्या टोकाचा सूक्ष्म तुकडा काचपात्रात वाढवून त्यापासून हजारो रोपे करता येतात.

माणसाच्या शरीरातही अशा राखीव पेशी आहेत. त्यांना मूलपेशी म्हणतात. गेल्या काही वर्षांत हा शब्द प्रयोगशाळेतून बाहेर पडून बाजारात पोहोचला आहे. सुरकुत्या घालविणारी मलमे, तारुण्य परत आणणारे अर्क, चेहऱ्यात टोचावयाच्या पेशी अशा नाना रूपांनी तो विकला जातो. दुसरीकडे, याच पेशींच्या आधाराने भाजलेल्या मुलांचे प्राण वाचले आहेत, हेही खरे आहे. या दोन गोष्टींत अंतर किती आणि ते कसे ओळखावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

मूलपेशी म्हणजे काय?

शरीरातील बहुतेक पेशी एकेका कामाला बांधलेल्या असतात. स्नायूची पेशी आकुंचन पावते, तांबडी रक्तपेशी प्राणवायू वाहते, त्वचेची पेशी आवरण घालते. मूलपेशीची लक्षणे दोन. पहिले असे, की ती विभागून स्वतःसारखी दुसरी पेशी निर्माण करू शकते. म्हणजे राखीव साठा संपत नाही. दुसरे असे, की तिच्या संततीपैकी काही पेशी विशेष काम पत्करून निराळ्या होतात. कावेरीला फाटे फुटत जावेत आणि मूळ प्रवाहही वाहता राहावा, तसेच काहीसे हे आहे.

रक्त निर्माण करणाऱ्या मूलपेशी अस्थिमज्जेत असतात, हे कॅनडातील टिल आणि मॅकुलॉक या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले. मानवी भ्रूणातील मूलपेशी १९९८ मध्ये प्रथम वेगळ्या करून वाढविण्यात आल्या. २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेतील साधी पेशी उलट पावली नेऊन तिला भ्रूणपेशीसारखी करून दाखविली. पुढल्याच वर्षी मानवी पेशींबाबतही हे साधले. या कार्याबद्दल त्यांना १९१२ नंतरच्या बरोबर शंभराव्या वर्षी, म्हणजे २०१२ मध्ये, जॉन गर्डन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. 'मूलपेशी' हे एकाच वस्तूचे नाव नव्हे. भ्रूणाची मूलपेशी जवळजवळ कोणतीही ऊती घडवू शकते. अस्थिमज्जेची रक्त घडविते. त्वचेची त्वचा घडविते. एकीचा गुण दुसरीला चिकटविणे योग्य नाही. बाजारातील पुष्कळ घोटाळा याच एका चुकीतून उगम पावतो.

त्वचेची नित्य नवी होण्याची रीत

प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे दीड ते दोन चौरस मीटर भरते. तिचे दोन मुख्य थर आहेत. वरची ती बाह्यत्वचा आणि खालची ती अंतस्त्वचा. अंतस्त्वचेत रक्तवाहिन्या, चेतातंतू, घर्मग्रंथी आणि त्वचेला ताण देणारे कोलॅजनचे धागे असतात. बाह्यत्वचेच्या तळाशी जो पेशींचा थर असतो, त्यात त्वचेच्या मूलपेशी राहतात. त्यांच्या संततीतील पेशी हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात, मरतात आणि शेवटी कोंड्याच्या रूपाने झडून जातात. हा प्रवास साधारण चार ते सहा आठवड्यांचा असतो. केसाच्या मुळाशी असलेल्या फुगीर भागातही मूलपेशींचा साठा असतो. खरचटल्यावर जखम भरून काढण्यास तोही हातभार लावतो.

सर्वांत वरच्या मृत पेशींचा थर बहुतेक अंगावर अवघा १० ते २० मायक्रोमीटर जाड असतो. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हा थर पातळ असला, तरी पहारेकरी म्हणून फार कडक आहे. तो पाणी आत कोंडून ठेवतो आणि जंतूंना बाहेर रोखतो. ५०० डाल्टनपेक्षा अधिक रेणुभार असलेले पदार्थ धडधाकट त्वचेतून आत शिरणे कठीण, असा औषधशास्त्रातील एक व्यवहारी नियम आहे. हा आकडा पुढे आपल्या उपयोगी पडेल.

कुंभाराने जोडलेले नाक

मूलपेशींचे ज्ञान नसतानाही माणसाने त्यांचा उपयोग केला आहे, आणि त्याचा एक प्रसिद्ध दाखला महाराष्ट्रातला आहे. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठी गडी टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापण्यात आले. पुढे पुण्याजवळ कुंभार जातीच्या एका वैद्याने त्याच्या कपाळावरील कातडी नाकाच्या आकारात सोडविली आणि एक टोक जोडलेलेच ठेवून ती खाली वळवून नाकाच्या जागी बसविली. दोन इंग्रज शल्यवैद्यांनी ही क्रिया पाहिली. तिचा वृत्तान्त लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शल्यवैद्याने ही रीत अभ्यासिली आणि १८१६ मध्ये आपले ग्रंथरूप विवेचन प्रसिद्ध केले.

ही कातडी नव्या जागी जगली, याचे कारण दोन गोष्टींत आहे. जोडलेल्या टोकातून तिला रक्त मिळत राहिले. आणि बाह्यत्वचेच्या तळाचा थर तिच्याबरोबरच आला. केवळ वरचा मृत थर सोलून लावला असता, तर तो थोड्याच दिवसांत झडून गेला असता. नवी त्वचा जन्मभर टिकावयाची, तर तिच्याबरोबर मूलपेशी यावयास हव्यात आणि त्यांना पोषण मिळावयास हवे. त्वचेसंबंधी मूलपेशींच्या नावाने केलेला कोणताही दावा पारखताना हाच पहिला प्रश्न विचारावा.

प्रयोगशाळेत वाढलेली त्वचा

मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या रोग्याची अडचण अशी, की कलम करण्यासाठी त्याच्या अंगावर चांगली कातडीच उरलेली नसते. दुसऱ्याची कातडी काही आठवडे आवरण म्हणून उपयोगी पडते. पुढे शरीर ती नाकारते. तरीही त्या काही आठवड्यांनी प्राण वाचतात. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली सुरू झालेली त्वचापेढी मृत्यूनंतर दान केलेली त्वचा याच कामासाठी जतन करते.

कायमच्या उपायाची वाट १९७५ मध्ये खुली झाली. अमेरिकेतील राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी मानवी बाह्यत्वचेच्या पेशी काचपात्रात वाढविण्याची रीत शोधली. त्यासाठी किरणोत्साराने विभागणी बंद केलेल्या उंदराच्या पेशींचा आधार त्यांनी दिला. १९८३ मध्ये पाच व सहा वर्षांची दोन मुले ९५ टक्क्यांहून अधिक भाजली. त्यांच्या काखेतील, आगीतून वाचलेल्या, जेमतेम दोन चौरस सेंटिमीटर कातडीपासून पेशींचे पडदे वाढविण्यात आले आणि त्यांनी दोघांच्याही शरीराचा सुमारे निम्मा भाग झाकण्यात आला. दोघेही वाचले. हा वृत्तान्त १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला.

याहून पुढचे पाऊल २०१५ मध्ये जर्मनीतील बोखुम येथे पडले. सात वर्षांच्या एका मुलाला असा आनुवंशिक रोग होता, की बाह्यत्वचा खालच्या थराला धरूनच राहत नसे. तो मरणाच्या दारी होता. इटलीतील मिकेले दे लुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या त्वचेतील पेशी घेतल्या, सदोष जनुकाची निर्दोष प्रत त्यांत घातली आणि त्यांपासून त्वचेचे पडदे वाढविले. त्याची सुमारे ८० टक्के बाह्यत्वचा बदलण्यात आली. २०१७ च्या अहवालात असे दिसून आले, की ही सारी नवी त्वचा थोड्याशा दीर्घजीवी मूलपेशींच्या आधारावर टिकून आहे. पाच वर्षांनंतरही ती निरोगी होती.

या यशाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अशा पडद्यांना केस आणि घर्मग्रंथी नसतात. भाजलेल्या रोग्यांत ते नाजूक असतात, कधी धरत नाहीत आणि व्रण राहतात. खर्च अफाट येतो. तेव्हा शास्त्राने जे साधले ते एवढेच : रोग्याच्या स्वतःच्या, जिवंत, तपासलेल्या पेशी, उघड्या जखमेवर, शल्यचिकित्सकाच्या हातून आणि वर्षानुवर्षांच्या देखरेखीखाली. मलमाच्या बरणीत यांतले काय काय असते, ते आता पाहू.

बरणीतल्या मूलपेशी

मानवी मूलपेशी जिवंत ठेवावयाची, तर तिला सुमारे ३७ अंश सेल्सियस उष्णता आणि ताजा पोषक द्रव लागतो. दीर्घकाळ साठवावयाची, तर द्रवरूप नायट्रोजनच्या उणे १९६ अंश थंडीत ठेवावी लागते. दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने राहणाऱ्या, जंतुनाशक परिरक्षके मिसळलेल्या मलमात ती जगू शकत नाही. क्षणभर मानू, की जगली. तरीही पेशीचा व्यास दहा मायक्रोमीटर किंवा त्याहून मोठा. ज्यातून काही सहस्रांश एवढ्याच रेणूंना वाट मिळते, त्या थरातून ती आत जाणार कशी?

अशा बहुतेक मलमांत पेशी नसतातच. पेशींचा अर्क असतो. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार वनस्पतींचा. २००८ मध्ये स्वित्झर्लंडमधील एका जुन्या जातीच्या सफरचंदाच्या संवर्धित पेशींचा अर्क सौंदर्यप्रसाधनांसाठी बाजारात आला आणि त्यामागून द्राक्ष, गुलाब इत्यादींचे अर्क आले. ते सफरचंद साठवणीत फार दिवस ताजे राहते, असे सांगण्यात येई. परंतु फळाचा टिकाऊपणा माणसाच्या कातडीत उतरतो, हे अनुमान तर्काला धरून नाही. सफरचंदाच्या मूलपेशीला सफरचंदाचे झाड घडविता येते, केळीच्या कोंबाला केळ घडविता येते. मानवी त्वचेची पेशी होणे त्यांच्या आनुवंशिक घडणीतच नाही. अर्कात उपयुक्त द्रव्ये असू शकतील. पण ती 'मूलपेशी' म्हणून उपयुक्त नव्हेत. आवळ्यात किंवा हळदीत असावीत, तशी साधी वनस्पतिद्रव्येच ती, आणि त्यांची पारखही तशीच व्हावयास हवी.

दुसरा प्रकार मानवी पेशींचा. मूलपेशी ज्या द्रवात वाढविल्या, त्यात त्यांनी सोडलेली वर्धक प्रथिने आणि एक्सोसोम नावाचे सूक्ष्म कोश उतरतात. हा द्रव प्रसाधनांत वापरतात. येथे शास्त्रीय आधार अधिक आहे, कारण ही प्रथिने जखम भरण्याच्या कार्यात खरोखर भाग घेतात. पण त्यांचा रेणुभार मोठा असतो. बाह्यत्वचा-वर्धक प्रथिनाचाच सुमारे ६,००० डाल्टन आहे. आपला ५०० चा नियम आठवला, तर अखंड त्वचेतून ते किती आत जाईल, हे वाचकांनीच ठरवावे. यावरील प्रयोग झाले आहेत. काहींत ओलावा वाढला आणि बारीक रेषा थोड्या कमी दिसल्या. मात्र पुष्कळ प्रयोग थोड्या माणसांवर, थोड्या आठवड्यांचे आणि विक्रेत्यांच्याच खर्चाने झालेले आहेत. शिवाय पेशींना वाढीची आज्ञा देणारे पदार्थ वर्षानुवर्षे वापरल्यास, विशेषतः कर्करोगाकडे झुकलेल्या त्वचेवर, काय होईल, याचा दीर्घकाळ अभ्यास होणे आवश्यक आहे.

सुईचा धोका

मलमाने फार तर पैसे वाया जातात किंवा त्वचेला खाज येते. सुईची गोष्ट वेगळी. अमेरिकेतील लॉस एंजलिस येथे एका स्त्रीने पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी डोळ्यांभोवती टोचून घेतल्या. त्याच वेळी सुरकुत्या भरण्यासाठी कॅल्शियमयुक्त पदार्थही टोचण्यात आला. काही महिन्यांनी तिला डोळा उघडताना वेदना होऊ लागल्या आणि कटकट असा आवाज येऊ लागला. शस्त्रक्रियेत पापणीतून हाडाचे कण निघाले. चरबीत आढळणाऱ्या या जातीच्या मूलपेशीला हाड घडविण्याचीही क्षमता असते. कॅल्शियमच्या सान्निध्यात तिने तीच वाट धरली. ही घटना २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. मूलपेशीचे सामर्थ्य आणि तिचा धोका या दोन वस्तू नव्हेत. एकाच गुणाच्या त्या दोन बाजू आहेत.

दुसरा धोका दूषणाचा. २०१८ मध्ये अमेरिकेतील तीन राज्यांत, नाळेच्या रक्तापासून केलेली द्रव्ये टोचल्यानंतर १२ रोग्यांना गंभीर जंतुसंसर्ग झाल्याचे तेथील आरोग्ययंत्रणेने नोंदविले. डिसेंबर २०१९ मध्ये एक्सोसोमच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अमान्य द्रव्यांविषयी तेथील अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला. जिवंत पेशींची द्रव्ये उकळून निर्जंतुक करता येत नाहीत. म्हणून ती करताना पहिल्यापासून अखेरपर्यंत कडक शुद्धता राखावी लागते.

आपल्याकडील नियम

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० या कायद्यानुसार स्वच्छता राखणे, सौंदर्य वाढविणे किंवा रूप पालटणे हा सौंदर्यप्रसाधनाचा हेतू असतो. रोग बरा करणे हा औषधाचा. प्रसाधन म्हणून विकलेल्या वस्तूने रोगनिवारणाचा दावा केला, की ती आपली पायरी सोडते. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे ग्राहकाची दिशाभूल करणारा किंवा खोटा दावा करण्यास मनाई आहे. औषध म्हणून वापरावयाचे मूलपेशीजन्य उत्पादन २०१९ च्या नियमांनुसार 'नवे औषध' ठरते आणि त्याला चाचण्या व परवानगी लागते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वे याहून स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक विकारांसाठी करावयाचे रक्तजनक मूलपेशींचे रोपण वगळता, रोग्यावर मूलपेशींचा कोणताही वापर हे संशोधन समजावे आणि तो मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा, असे ती सांगतात. म्हणजे 'आमच्याकडे मूलपेशींनी तारुण्य परत मिळते' अशी पाटी लावून शुल्क घेणे या तत्त्वांच्या विरुद्ध आहे.

केळीच्या पानाची कसोटी

वनस्पती म्हणून वनस्पती त्याज्य ठरत नाही, हे दाखविणारे एक उदाहरण शीव येथील त्याच रुग्णालयातले आहे. डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्जंतुक केलेली केळीची पाने भाजलेल्या जखमांवर आणि कलमासाठी कातडी काढलेल्या जागांवर आच्छादन म्हणून वापरली. नेहमीच्या स्निग्ध जाळीच्या पट्टीशी त्यांची तुलना केली, वेदनांची नोंद ठेवली आणि २००३ मध्ये निष्कर्ष शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. पान गुळगुळीत असल्यामुळे जखमेला चिकटत नाही. पट्टी बदलताना रोग्याला यातना होत नाहीत. आणि ते स्वस्त आहे. केळीच्या पेशी मानवी त्वचा घडवितात, असा दावा येथे कोणी केला नाही. जे गुण दिसले तेवढेच सांगितले. (घरी भाजल्यास बागेतले कच्चे पान बांधू नये. भाजलेला भाग वाहत्या थंड पाण्याखाली धरावा आणि वैद्यकीय मदत घ्यावी.)

नोंद ठेवण्याची ही वृत्ती तंजावरला नवी नाही. दुसरे सरफोजी राजे यांनी (राज्यकाल १७९८ ते १८३२) तेथे धन्वंतरी महाल स्थापून निरनिराळ्या परंपरांतील वैद्यांना एकत्र आणले. नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची चित्रे, विकाराचे वर्णन आणि उपचार यांची त्या काळची कागदपत्रे सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. आज तंजावरजवळच्या तिरुमलैसमुद्रम् येथील शास्त्र विद्यापीठात ऊतींच्या पुनर्निर्मितीसाठी जैवपदार्थांचे सांगाडे तयार करण्याचे संशोधन चालते. उपचारापूर्वीची स्थिती आणि नंतरची स्थिती प्रामाणिकपणे लिहून ठेवणे हा या दोहोंमधला समान धागा होय.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

कोणतेही 'मूलपेशी' प्रसाधन वा उपचार पुढे आल्यास वाचकांनी पुढील प्रश्न विचारावेत.

१. यात जिवंत पेशी आहेत की अर्क? माणसाचा की वनस्पतीचा?
२. तो पदार्थ त्वचेतून आत जातो, याचा पुरावा काय?
३. साध्या मलमाशी तुलना करून प्रयोग झाला का? किती माणसांवर, किती काळ आणि कोणाच्या खर्चाने?
४. टोचून घ्यावयाचे असल्यास, ही नोंदविलेली चाचणी आहे का? नैतिक समितीची मान्यता आहे का? चाचणीत भाग घेणाऱ्याकडून शुल्क का मागितले जाते?
५. अपाय झाल्यास जबाबदारी कोणाची?

तुलनात्मक प्रयोग कसा असावा, याचा नमुनाही देऊ. ऑस्ट्रेलियातील नांबूर येथे ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे प्रयोग झाला. दररोज ऊन रोखणारे मलम लावणाऱ्यांची त्वचा, ते मनास येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा, २४ टक्के कमी जरठ झाली. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ऊन टाळणे, तंबाखू वर्ज्य करणे, त्वचा कोरडी पडू न देणे आणि गरज पडल्यास त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला घेणे, हे उपाय साधे आहेत. पण त्यांना पुराव्याचा आधार आहे.

मूलपेशींविषयी निराश होण्याचे कारण नाही. ज्या ज्ञानाने अंगभर भाजलेली दोन मुले घरी परतली, ते ज्ञान पुढे कोड, जुनाट जखमा आणि आनुवंशिक त्वचारोग यांवरही उपाय देईल, अशी आशा बाळगण्यास आधार आहे. मात्र बरणीवरच्या नावासाठी हजारो रुपये मोजणाऱ्या कुटुंबाच्या खिशातून ते ज्ञान वाढत नाही. ते वाढते शिस्तीच्या चाचण्यांतून, आणि मृत्यूनंतर त्वचा दान करण्याची संमती देणाऱ्या नागरिकांच्या औदार्यातून. आपल्या जवळच्या त्वचापेढीची चौकशी करून घरच्यांशी या दानाविषयी बोलून ठेवणे, ही गोष्ट कोणत्याही वाचकाला आजच करता येण्यासारखी आहे.